पडा, उठा, पुन्हा खेळा!

मित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. जपानमधल्या क्योतो शहरात १८८९ साली फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थांनी एक छोटा कारखाना काढला. तिथे पत्ते तयार व्हायचे. आपले बदाम-इस्पिकचे नाहीत हं, फुलांचे पत्ते! वर्षाचे महिने बारा, प्रत्येक महिन्याचं एक झाड किंवा फूल आणि प्रत्येकाची चार-चार पानं. म्हणजे एकूण पानं किती? बरोबर, ४८. या पत्त्यांना जपानी भाषेत 'हानाफुदा' म्हणतात.

हा कारखाना पुढे खूप मोठा झाला. हे पत्ते तो अजूनही विकतो. पण जगभरातली मुलं त्याला ओळखतात ती वेगळ्याच कारणासाठी: लाल टोपी, भरघोस मिशा, निळा डगला आणि उड्या मारत पळणारा एक बुटका माणूस! आता ओळखलंत ना? हा माणूस म्हणजे मारिओ आणि तो कारखाना म्हणजे निन्टेंडो कंपनी.

मी प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. "बाई, तुम्ही व्हिडिओ गेम खेळता?" असं माझ्या वर्गातल्या मुलांनी डोळे मोठ्ठे करून मला विचारलेलं आहे. हो, खेळते की! मारिओ, झेल्डा, पोकेमॉन, कर्बी ही सगळी माझी आवडती मंडळी. ती मला का आवडतात, ते आज सांगणार आहे. आई-बाबांनीही हे वाचावं, कारण शेवटी थोडं त्यांच्याशीही बोलायचं आहे.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९९०च्या दशकाच्या शेवटी, आमच्या ओळखीत खरं निन्टेंडोचं यंत्र कुणाकडेच नव्हतं. बाजारात त्याच्या स्वस्त नकला मिळायच्या. त्याला सगळे 'टीव्ही गेम' म्हणत. त्यात खोचायची ती 'कॅसेट'. कॅसेटवर ऐटीत छापलेलं असायचं '९९९९ इन १', आणि आत खेळ मोजून पाच-सहा! तेच ते नाव बदलून पुन्हा पुन्हा यायचे. मिरजेला मामाकडे मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सात भावंडं जमायचो. भावंडं सात आणि रिमोट दोन. "मेलास ना? आता दे इकडे!" हे वाक्य दिवसातून शंभरदा ऐकू यायचं. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची.

आता गंमत पाहा. त्या यंत्रासोबत माहितीपुस्तिका नव्हती. पडद्यावर काही लिहून आलं तर ते इंग्रजीत, आणि आमच्यातल्या एकालाही तेव्हा धड इंग्रजी वाचता येत नव्हतं. मामाला तर तो खेळ मुळीच कळायचा नाही. म्हणजे शिकवणारं कुणी नाही, वाचता येत नाही, आणि तरीही पाच वर्षांच्या धाकट्या भावापासून सगळ्यांना मारिओ खेळता यायला लागला! कसा?

हा प्रश्न मला डीएड झाल्यावर, वर्गात उभी राहिल्यावर खरा टोचायला लागला. कारण वर्गात मी नेमकं उलटं पाहते. भागाकाराचं एक उदाहरण चुकलं की काही मुलं पेन्सिल खाली ठेवतात. खोडरबरानं इतकं खोडतात की वहीला भोक पडतं. फळ्याजवळ बोलावलं की मान खाली. तीच मुलं संध्याकाळी एकच उडी चाळीस वेळा मारतात, चाळीस वेळा खड्ड्यात पडतात आणि एक्केचाळिसाव्या वेळी हसत हसत पुन्हा सुरू करतात. तेच मूल, तेच डोकं. मग फरक कशात आहे?

उत्तर शोधायला आपण मारिओच्या पहिल्याच पडद्यावर जाऊ. पण त्याआधी हा मारिओ आला कुठून, तेही पाहू.

१९८०च्या सुमारास निन्टेंडोनं एक खेळाचं यंत्र बनवून अमेरिकेत पाठवलं. पैसे टाकून खेळायची मोठी कपाटाएवढी यंत्रं असतात ना, तसं. ते चाललं नाही. शेकडो यंत्रं गोदामात पडून राहिली. आता त्यांचं करायचं काय? तेव्हा शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराला सांगण्यात आलं, की याच यंत्रांत बसेल असा नवा खेळ तयार कर. त्यानं १९८१ साली 'डाँकी काँग' तयार केला. एक माकड पिंपं गडगडवतंय आणि एक सुतार त्यांच्यावरून उड्या मारत वर चढतोय, असा खेळ. तो तुफान चालला. हा सुतार म्हणजेच पुढचा मारिओ! पुढे त्यानं धंदा बदलला आणि तो नळ दुरुस्त करणारा प्लंबर झाला.

मारिओला मिशा का आहेत, ठाऊक आहे? त्या काळी चित्र काढायला अगदी मोजके चौकोनी ठिपके मिळायचे. तेवढ्यात तोंड नीट दिसेना, म्हणून मोठ्ठं नाक आणि त्याखाली मिशा. केस काढणं कठीण, म्हणून टोपी. हात हलताना दिसावेत, म्हणून अंगात वेगळ्या रंगाचा डगला. हाताशी थोडंच होतं, म्हणून डोकं चालवावं लागलं, आणि त्यातून जगातला सगळ्यात ओळखीचा खेळगडी जन्माला आला.

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ला आला. त्यात आठ जगं आणि प्रत्येकात चार टप्पे, म्हणजे बत्तीस टप्पे. हे सगळं किती जागेत बसवलं होतं? फक्त ४० किलोबाइटमध्ये! आज आपण फोनवर काढतो तो एक फोटोही याच्या कितीतरी पट मोठा असतो. जागा वाचवायला केलेली एक युक्ती सांगते. त्या खेळातले ढग आणि झुडपं नीट बघा. आकार एकच आहे! पांढरा रंग दिला की ढग, हिरवा दिला की झुडूप.

आता पहिला पडदा. मारिओ डाव्या बाजूला उभा आहे, तोंड उजवीकडे. उजवीकडे मोकळी जागा. मग तुम्ही काय कराल? उजवीकडे जाल. कुणी सांगितलं? कुणीच नाही!

पुढे एक चमकणारा ठोकळा दिसतो, त्यावर प्रश्नचिन्ह. तेवढ्यात समोरून रागीट भुवयांचा एक छोटा प्राणी टुकूटुकू चालत येतो. त्याचं नाव गूम्बा. तो धडकला की मारिओ मेला. पण खेळ सुरू होऊन जेमतेम काही सेकंद झालेली असतात. गमावलं काय? काहीच नाही. पुन्हा तिथूनच सुरुवात. दुसऱ्या वेळी तुम्ही आपोआप उडी मारता. कधी गूम्बाच्या पलीकडे पडता, कधी त्याच्या डोक्यावर, आणि तो चपटा होतो. अच्छा, म्हणजे याला असं मारायचं तर! कधी उडी मारताना डोकं त्या ठोकळ्यावर आपटतं आणि नाणं निघतं. अच्छा, हे ठोकळे फोडायचे असतात तर!

मग एका ठोकळ्यातून भूछत्र बाहेर येतं. गूम्बासारखंच दिसतं, म्हणून तुम्ही घाबरता. ते उजवीकडे पळतं, समोरच्या नळावर आपटतं आणि उलटं फिरून तुमच्याकडेच येतं. उडी मारून चुकवायला जावं तर डोक्यावर विटा! शेवटी ते अंगावर येतं आणि काय आश्चर्य, मारिओ मोठा होतो. तो नळ तिथे उगाच ठेवलेला नाही, बरं का. भूछत्र तुमच्याकडे परत यावं आणि ते चांगलं असतं हे तुम्हाला स्वतःलाच कळावं, म्हणून तो तिथे आहे.

पुढे नळ येतात. पहिला बुटका, दुसरा थोडा उंच, तिसरा आणखी उंच. उडी किती वेळ दाबून धरायची, ते बोटांना हळूहळू समजत जातं. आणि मला सगळ्यात आवडते ती पुढची जागा. तिथे दोन जिने समोरासमोर आहेत आणि मधे खोलगट जागा. त्या जागेला खाली जमीन आहे. उडी चुकली तरी मारिओ नुसता खाली येतो, मरत नाही. परत चढा, परत उडी मारा. ही उडी जमली की लगेच पुढे हुबेहूब तसेच दोन जिने, पण या वेळी मधे खरा खड्डा. तळ नाही. तोवर तुमचा सराव झालेला असतो!

मित्रांनो, याला म्हणतात शिकवणं! आधी तळ असलेला खड्डा, मग बिनतळाचा.

मी वर्गात हीच युक्ती वापरते. भागाकाराच्या दिवशी पहिलं उदाहरण ८४ भागिले ४. दुसरं ८४८ भागिले ४. हे झाले बुटका नळ आणि जरा उंच नळ. मग ७२ भागिले ४. इथे पहिल्यांदा मधेच ३ उरतात आणि ते खाली ओढलेल्या २ला जोडून घ्यायचे असतात. हा झाला खड्डा. पण हे उदाहरण वहीत नाही सोडवायचं, पाटीवर. पाटीवरचं चुकलं की हातानं पुसलं, झालं! लाल शाई नाही, भोक नाही, घरी कुणी विचारणार नाही. पाटी म्हणजे आमचा तळ असलेला खड्डा. पाटीवर जमलं की मग वही.

आता माझ्या दुसऱ्या आवडत्या खेळाकडे वळू: 'द लेजेंड ऑफ झेल्डा'. हाही मियामोतो आणि त्यांच्या सोबत्यांनीच केला, १९८६ साली. मियामोतोंचं बालपण क्योतोजवळच्या सोनोबे या गावात गेलं. चहूकडे डोंगर, झाडी, भातशेती. लहानपणी भटकताना त्यांना एक गुहा सापडली. आत काळोख! ते कंदील घेऊन गेले आणि आत काय आहे ते पाहून आले. तो थरार पुढे त्यांच्या खेळात उतरला.

झेल्डाच्या सुरुवातीला लिंक नावाचा मुलगा मैदानात उभा असतो. हातात शस्त्र नाही. तीन बाजूंना वाटा आणि शेजारी एका गुहेचं काळं तोंड. गुहेत गेलात तर एक म्हातारे आजोबा तलवार देतात. नाही गेलात तर तसेच पुढे! कुठली वाट बरोबर, ते खेळ सांगत नाही. कुठल्या झुडपाखाली जिना आहे, कुठली भिंत पोकळ आहे, ते आपणच शोधायचं. अडलं की मित्राला विचारायचं. मुलांनी एकमेकांशी बोलावं, शोधलेलं एकमेकांना सांगावं, हे मियामोतोंना हवंच होतं. मारिओ जर आपल्याला बोट धरून चालायला शिकवत असेल, तर झेल्डा ते बोट सोडून देतो आणि म्हणतो, जा आता, बघ तुला काय सापडतं ते!

या मालिकेतला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा खेळ २०१७ साली आला. त्यात समोर दिसणाऱ्या जवळजवळ कुठल्याही डोंगरावर चढता येतं. तो बनवताना नवीन कल्पना तपासायला त्या लोकांनी आधी १९८६च्या खेळासारखा दिसणारा एक साधा, सपाट नमुना तयार केला होता. आणि खेळातली अंतरं किती असावीत हे ठरवायला त्यांनी आपल्या राहत्या क्योतो शहराचा नकाशा वापरला. घरापासून अमुक ठिकाणी चालत जायला किती वेळ लागतो, ते प्रत्येकाला ठाऊक होतं ना! भूगोलाच्या तासाला मी मुलांना शाळेच्या परिसराचा नकाशा काढायला लावते तेव्हा ही गोष्ट हमखास सांगते.

मुलींनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट. १९८६ सालीच निन्टेंडोचा 'मेट्रॉइड' आला. त्यात अंगभर चिलखत घातलेला एक वीर परग्रहावर एकट्यानं लढतो. खेळ चपळाईनं पूर्ण केला की शेवटी चिलखत उतरतं आणि कळतं, की हा वीर म्हणजे सॅमस नावाची स्त्री आहे! मुलांना वाटत होतं आपण कुणा दादाला पळवतोय, आणि निघाली ताई!

आता तुमचा लाडका पोकेमॉन. पण त्याआधी गुनपेई योकोई यांची ओळख करून घ्यायला हवी. हे १९६५ साली निन्टेंडोत लागले ते पत्ते छापायच्या यंत्रांची देखभाल करायला. फावल्या वेळात त्यांनी स्वतःसाठी लांबवर पोहोचणारा, कात्रीसारखा उघडझाप करणारा एक हात बनवला. मालकांनी तो पाहिला. योकोईंना वाटलं, आता बोलणी बसणार. मालक म्हणाले, याचं खेळणं कर! १९६६ साली ते बाजारात आलं आणि दहा लाखांहून जास्त खपलं.

योकोईंचं एक तत्त्व होतं. सगळ्यात नवं, महागडं यंत्र वापरायचं नाही. जुनं, स्वस्त, सगळ्यांना माहीत असलेलं घ्यायचं आणि त्याचा कुणाला न सुचलेला उपयोग करायचा. १९८९ साली त्यांच्या गटानं 'गेम बॉय' हा हातात धरून खेळायचा खेळ काढला. पडदा रंगीत नाही, नुसता हिरवट-करडा. दुसऱ्या कंपन्यांची यंत्रं रंगीत होती, झकपक होती. पण ती सहा-सहा सेल खायची आणि काही तासांत बंद पडायची. गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त वेळ चालायचा, स्वस्त होता, पडला तरी सहसा बिघडायचा नाही. तो आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटींहून अधिक खपले!

याच गेम बॉयसाठी पोकेमॉन तयार झाला. त्याचे जनक सातोशी ताजिरी. त्यांचा जन्म १९६५चा. तोक्योजवळच्या माचिदा गावात ओढ्याकाठी, डबक्यांजवळ, झाडांखाली किडे पकडणं हा त्यांचा लहानपणीचा उद्योग. पुढे गाव वाढलं, डबकी बुजली, त्यावर इमारती उठल्या. मग एकदा ताजिरींनी दोन गेम बॉय वायरनं जोडलेले पाहिले आणि त्यांच्या मनात आलं, या वायरीतून किडे इकडून तिकडे सरकत गेले तर! शहरातल्या ज्या मुलांना ओढा दिसत नाही त्यांना किडे पकडायची मजा द्यायची, हे त्यांनी ठरवलं. खेळ पूर्ण व्हायला सहा वर्षं लागली. कंपनीकडचे पैसे संपत आले, माणसं सोडून गेली. पण २७ फेब्रुवारी १९९६ला पोकेमॉन आला.

तो एक नव्हे, दोन आले! एक लाल, एक हिरवा. काही प्राणी फक्त लालमध्ये, काही फक्त हिरव्यात. सगळे प्राणी गोळा करायचे तर एकट्यानं शक्यच नाही, मित्राशी अदलाबदल करावीच लागते. आणि काही प्राणी तर असे, की ते दुसऱ्याच्या हाती दिल्यावरच मोठे होतात! आपल्याकडे ठेवून घेतले तर आहेत तसेच राहतात. किती सुंदर कल्पना आहे, नाही? आपल्याकडे २००३पासून टीव्हीवर पिकाचू दिसायला लागला आणि तो घराघरात पोहोचला. पण पिकाचूच्या मागे बरणी घेऊन ओढ्याकाठी बसलेला एक मुलगा आहे, हे लक्षात ठेवा.

आणखी दोघांची नावं घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. एक, गुलाबी गोळा कर्बी. १९९२ साली तो आला. त्याचे जनक मासाहिरो साकुराई तेव्हा जेमतेम विशीतले. पहिल्यांदाच खेळणाऱ्या मुलांनाही जमावा, असा खेळ त्यांना करायचा होता. म्हणून कर्बी तोंडात हवा भरून तरंगत जातो. खड्डा आला? उडत पार! आधी हा गोळा म्हणजे नुसतं तात्पुरतं चित्र होतं, नीट चित्र तयार होईपर्यंत जागा धरून ठेवायला. पण सगळ्यांना तोच आवडला आणि कायम झाला.

दुसरा खेळ 'मारिओ कार्ट', तोही १९९२चा. गाड्यांची शर्यत. वाटेत ठोकळ्यातून काही ना काही मदत मिळते. पण पहिला जो असतो त्याला मिळतं केळ्याचं साल वगैरे साधंसं काहीतरी, आणि सगळ्यात मागे पडलेल्याला मिळतं सगळ्यात जोरदार! म्हणून शेवटच्या फेरीपर्यंत कुणीच आशा सोडत नाही. वर्गात मला सगळ्यात जास्त मदत कुणाला करायची असते, ते आता निराळं सांगायला नको.

निन्टेंडो कंपनीसुद्धा खड्ड्यात पडली आहे हं! १९९५ साली तिनं 'व्हर्च्युअल बॉय' नावाचं, डोळ्यांना लावून बघायचं यंत्र काढलं. त्यात सगळं लाल-काळं दिसायचं, डोकं दुखायचं. वर्षभरातच ते बंद पडलं. २०१२चं 'वी यू' हे यंत्रही फारसं चाललं नाही. त्यावरचा 'मारिओ कार्ट ८' मात्र छान होता. २०१७ साली 'स्विच' हे नवं यंत्र आलं तेव्हा कंपनीनं तोच खेळ थोडी भर घालून पुन्हा दिला, आणि त्याच्या ६ कोटींहून जास्त प्रती खपल्या! पडलेल्या यंत्रातला चांगला खेळ वाया गेला नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. मूल चाळीस वेळा पडून पुन्हा का उठतं? मला सापडलेलं उत्तर असं. खेळ हसत नाही. खेळ 'काल तर शिकवलं होतं, आज विसरलास?' असं म्हणत नाही. शेजारच्या बंड्याला किती गुण मिळाले ते खेळ विचारत नाही. पडलं की तो फक्त म्हणतो, चल, पुन्हा. आणि पडल्यामुळे फार काही गमवावंही लागत नाही. गणित चुकलं की मात्र मागच्या बाकावरून हसू येतं, वहीवर लाल रेघ येते, घरी सही घ्यावी लागते. मुलं गणिताला घाबरत नाहीत, ती या हसण्याला घाबरतात.

म्हणून आई-बाबांना माझं एक सांगणं आहे. मूल खेळताना एकदा शेजारी बसून पाहा. ते कितीदा हरतं आणि कितीदा उठतं, ते मोजा. ही चिकाटी त्याच्यात आहेच. ती अभ्यासात दिसत नसेल, तर घरात तळ असलेला खड्डा आहे का, ते बघू या. चुकलेलं उदाहरण आधी मुलालाच शोधू द्यावं. पाढा अडला तर सातापासून नव्हे, अडला तिथूनच पुढे म्हणू द्यावा.

पण याचा अर्थ दिवसभर खेळू द्यावं असा मुळीच नाही! निन्टेंडोच्या सूचनांतच लिहिलेलं असतं, की दर तासाला दहा-पंधरा मिनिटं थांबा, आणि डोळे किंवा हात दुखले तर खेळणं बंदच करा. मी आमच्या घरी एक साधी कसोटी लावते: या खेळाला शेवट आहे का? मारिओचा टप्पा संपतो, झेंडा येतो, यंत्र बंद करता येतं. फोनवरचे काही खेळ मात्र संपतच नाहीत. उलट पडलं की उठायचे पैसे मागतात! पडण्याचे पैसे मागणारा खेळ चांगला शिक्षक कसा असेल? त्याला दारातूनच नमस्कार.

आणि मुलांनो, तुम्हालाही एक सांगते. खेळात जी हिंमत तुम्ही दाखवता, ती आपोआप वहीत उतरत नाही. ती मुद्दाम उचलून आणावी लागते. पुढच्या वेळी उदाहरण चुकलं की मनातल्या मनात म्हणा, "पहिला गूम्बा!" आणि पुन्हा सुरू करा. आणि वर्गात कुणी चुकलं तर हसू नका. तुमच्या न हसण्यानंच त्याच्या खड्ड्याला तळ मिळतो.

हेही विसरू नका, की हे खेळ ज्यांनी केले ते मियामोतो आणि ताजिरी लहानपणी पडद्यासमोर बसलेले नव्हते. एक गुहेत शिरत होता, दुसरा किडे पकडत होता. बाहेर पाहिलेलंच त्यांनी पडद्यावर आणलं. तुमच्या गावात काय आहे? विहीर, ओढा, पडका वाडा, बोरीचं झाड, जत्रेतला पाळणा? त्यातूनही खेळ होऊ शकतो!

त्यासाठी यंत्र लागत नाही. मारिओचे टप्पेसुद्धा आधी चौकटींच्या कागदावर पेन्सिलीनं आखले होते. तुमच्या दप्तरात गणिताची चौकटीची वही आहेच. येत्या रविवारी तिच्या मागच्या पानावर एक टप्पा आखा. डावीकडे तुमचा गडी. मग एक बुटकी भिंत, एक उंच भिंत, एक तळ असलेला खड्डा, एक खरा खड्डा आणि शेवटी झेंडा. गडी म्हणून शेंगदाणा किंवा चिंचोका चालेल. नियम तुम्हीच ठरवा. मग तो मित्राला खेळायला द्या, पण एक अट: काही समजावून सांगायचं नाही! तो कुठे अडतो ते गप्प बसून पाहा. तो अडला तर 'तुला कळत नाही' असं म्हणू नका. वही परत घ्या, खोडरबर उचला आणि तुमचा टप्पा सुधारा.

मग कळेल, शिकवणं म्हणजे काय गंमत असते ते! तुमचे टप्पे पाठवायला विसरू नका हं. मी वाट पाहते आहे.